दीड तिकीट

"किती?" कंडक्टरने विचारलं.

"दीड द्या, सातारा," हे म्हणाले.

कंडक्टरने आधी आमच्या शेजारी, मग पायाशी पोर कुठं दिसतंय का ते बघितलं. मग त्याची नजर माझ्याकडे गेली आणि त्याला हसू आलं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय. त्यामुळे आम्ही दोघं मिळून झालो दीड. डिसेंबर २०२४ मधली ती सोमवारची सकाळ. स्वेटर, कानटोपी, डब्यात शेंगाची चटणी आणि दशम्या. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आणि आम्ही दोघंच असे पहिल्यांदा गावाबाहेर निघालो होतो. खोटं वाटेल, पण खरं आहे.

मैत्रिणींनो, आम्ही पंढरपूरचे. सगळा महाराष्ट्र आमच्या गावाला येतो. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री अशा चार मोठ्या वाऱ्या, शिवाय महिन्याच्या एकादश्या, सुट्ट्या, शाळांच्या सहली. देवळाच्या वाटेवर आमचं प्रासादिक वस्तूंचं छोटं दुकान आहे. चुरमुरे, बत्तासे, बुक्का, कुंकू, तुळशीच्या माळा. पहाटे काकड्याच्या वेळी फळी उघडते ती रात्री शेजारतीपर्यंत. घरी पाहुणे तर विचारूच नका. वारीच्या दिवसांत आमच्याकडे गाद्या कमी पडतात, पातेली कमी पडतात, पण "या" म्हणायला तोंड कधी कमी पडलं नाही. येणाऱ्याचं करायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. आपणही कुठं जावं हे सुचतच नाही.

तसे एकदा गेलो होतो. आमचं लग्न डिसेंबर १९९९ चं. जानेवारीत महाबळेश्वरला जायचं ठरलं. मी एम्ब्रॉयडरीचा लाल स्वेटर घेतला होता. निघायच्या दिवशी दारात ट्रॅक्स उभी राहिली आणि तिच्यात आधीच माणसं बसलेली. सासूबाई, दोन नणंदा, थोरल्या नणंदेची दोन मुलं, एक आत्याबाई. आम्ही दोघं आणि ड्रायव्हर धरून नऊ जण. सासरे दुकान सांभाळायला मागे राहिले. तिथं गेल्यावर एक मोठी खोली घेतली. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. त्या सहलीचे बारा फोटो आहेत. त्यातल्या एकातही आम्ही दोघंच नाही.

हळदीकुंकवाला हा किस्सा मी पंचवीस वर्षं रंगवून सांगत आलेय. बायका पोट धरून हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? हसताना आत कुठंतरी एक बारीक काटा होताच.

पंचविसावा वाढदिवस आला तेव्हा लेकीने धोशा लावला. ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. "हॉल नको, जेवणावळ नको. तुम्ही दोघंच जाऊन या." पुण्याहून मुलानेही फोनवर तिचीच री ओढली. मला वाटलं, हे नेहमीसारखं "दुकान कोण बघणार?" म्हणतील. पण हे चक्क "जाऊ या" म्हणाले. मी चकित झाले. त्यामागचं कारण मला दोन दिवसांनी कळायचं होतं.

आता राहिल्या सासूबाई. वय शहात्तर. त्यांना कसं विचारायचं याची मनात चार वेळा तालीम केली. त्यांनीच विषय संपवला. "मार्गशीर्ष चालू आहे. देव बी महिनाभर देऊळ सोडून विष्णुपदावर जातो. तुम्हाला दोन दिवस जायला काय धाड भरली?"

बाहेरगावच्या मैत्रिणींना सांगायला हवं. मार्गशीर्षात पांडुरंग चंद्रभागेच्या पात्रातल्या विष्णुपदावर मुक्कामाला असतो, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. गावातली माणसं त्या दिवसांत डबे घेऊन तिकडे जेवायला जातात. आणि मुळात देव पंढरपुरात आला कशाला, तर रुक्मिणी रुसून दिंडीरवनात येऊन बसली, तिला शोधत. म्हणजे आमच्या गावाची सुरुवातच नवराबायकोच्या रुसव्यापासून! तरी आम्ही पंढरपूरच्या बायका रुसायलासुद्धा सवड काढत नाही.

सोमवारी जायचं, बुधवारी रात्रीपर्यंत परत, असं ठरलं. गुरुवारी महालक्ष्मीचं पूजन होतं, ते चुकवायचं नव्हतं. दुकान पुतण्याकडे सोपवलं. मी चार पानी यादी करून फ्रिजवर लावली. आईंच्या गोळ्या कुठली कधी, दूधवाल्याचे पैसे, टाकी भरली की मोटर बंद, गॅसचा नंबर, देवाचं तेल. लेक म्हणाली, "आई, दोन दिवसांसाठी चाललीयेस की दोन वर्षांसाठी?"

गाडी पिलीव, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव करत साताऱ्याला पोचली. आमच्याकडचं मोकळं माळरान मागे पडत गेलं. ज्वारी पोटरीत आलेली. साताऱ्याहून दुसरी गाडी. मेढा मागे टाकून केळघरचा घाट लागला तशी हवा बदलली. खिडकीची काच लावावी लागली. तोवर मी घरी तीनदा फोन केला होता आणि यांनी दुकानात चारदा.

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक साधी खोली घेतली. आठवड्याच्या मधले दिवस, त्यामुळे भाड्यात घासाघीस करता आली. शनिवार-रविवारी हेच भाव ऐकून परत फिरावं लागतं, असं खालच्या टपरीवाल्यानेच सांगितलं. संध्याकाळी बाजारात चक्कर मारली. चणे-फुटाणे, मध, जॅम, चपला, काठ्या. सगळं बघून झालं. मग जेवायला बसलो.

आणि इथं पंचाईत झाली. बोलायचं काय?

मी म्हटलं, "आईंनी रात्रीची गोळी घेतली असेल ना?" हे म्हणाले, "घेतली असेल." मग हे म्हणाले, "बत्ताशाचा माल उद्या येणार." मी म्हटलं, "हो." ताट येईपर्यंत दोघं भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो. शेजारच्या टेबलावर एक नवं जोडपं होतं. मुलीच्या हातात चुडा. ती एकसारखी बोलत होती आणि तो एकसारखा हसत होता. मला त्यांचा हेवा वाटला असं नाही. पण वाटलं, घरात आपण दिवसभर बोलतो ते सगळं कामाचं असतं. भाजी काय आणू, बिल भरलं का, कुणाचं लग्न कधी, किती आहेर. ते काम काढून घेतलं तर आपल्यात उरतं काय? त्या विचाराने मला थंडीपेक्षा जास्त कापरं भरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे वेण्णा लेकला गेलो. दर थंडीत वर्तमानपत्रात तिथल्या हिमकणांचा फोटो येतो, तो प्रत्यक्ष बघायचा होता. महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फूट उंचीवर. पण गंमत अशी, की गावापेक्षा तळ्याकाठी गारठा जास्त असतो. आभाळ निरभ्र असलं, वारा पडलेला असला, की रात्री जमीन भराभर निवते. थंड हवा जड, ती उतरत खोलगट भागात येऊन साचते. म्हणून गावात नुसती हुडहुडी असते तेव्हा तळ्याकाठच्या गवतावर, होडीच्या फळीवर दवाचा बर्फ होतो. हे सगळं चहाच्या गाड्यावरच्या आजोबांनी सांगितलं. वर हेही सांगितलं, "पण रोज न्हाई व्हत. आज नुसतंच दव हाय."

साडेपाचला उठून, दोन स्वेटर चढवून, रिक्षाला पैसे देऊन आलो होतो, आणि समोर नुसतं ओलं गवत! मी यांच्याकडे बघितलं. कानटोपीतून यांचं नाक तेवढं बाहेर, लालबुंद. मला हसू फुटलं. मग हेही हसायला लागले. चहाचा ग्लास हातात धरून आम्ही दोघं असे हसत होतो की आजोबांनीही गाडी पुसायची थांबवली. तळ्यावरून वाफेसारखं धुकं उठत होतं. कित्येक वर्षांत आम्ही विनाकारण असे हसलो नव्हतो.

तिथून जुन्या महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाण्याची धार पडते. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं हे उगमस्थान. शिवाय भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी इथं येते, असं मानतात. पाणी इतकं गार की ओंजळीत धरवेना. हे म्हणाले, "आपली चंद्रभागा नाही यात." खरंच. आपली भीमा भीमाशंकरला उगम पावते. पण ती पुढे कर्नाटकात रायचूरच्या वर कृष्णेलाच मिळते. म्हणजे हे पाणी आणि आमच्या दारातलं पाणी शेवटी एकच. मी हे बोलले तेव्हा यांना ते फार आवडलं. म्हणाले, "बी.ए. वाया नाही गेलं तुझं."

देवळाबाहेर शालींचं दुकान होतं. यांनी एक लोकरीची शाल उचलून माझ्या खांद्यावर टाकली. किंमत ऐकून मी ती काढून ठेवायला लागले. "कशाला एवढा खर्च?" हे सहज बोलून गेले, "घे गं. आता हप्ता नाही."

"कसला हप्ता?"

यांचा चेहरा पडला. शाल तशीच माझ्या हातात.

मग देवळाच्या पायरीवर बसून सगळं बाहेर आलं. मार्च २०२० मध्ये विठ्ठलाचं देऊळ दर्शनासाठी बंद झालं. दिवाळीच्या पाडव्याला उघडलं, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, ते ऑक्टोबरात घटस्थापनेला उघडलं. दोन आषाढ्या वारकऱ्यांविना गेल्या. पादुका एसटीतून आल्या. आमचं सगळं गाव देवाच्या दारावर जगतं. दार बंद म्हणजे चूल बंद. ते दिवस मीही बघितले होते. पण मला वाटलं होतं, साठवणीतलं होतं त्यावर निभावलं. निभावलं नव्हतं. यांनी दुकानाची कागदपत्रं ठेवून एका पतसंस्थेतून साडेतीन लाखांचं कर्ज काढलं होतं. जून २०२१ पासून दर महिन्याला हप्ता. शेवटचा कार्तिकीच्या आधी भरला. म्हणून "जाऊ या" म्हणाले होते.

मी गप्प झाले. मैत्रिणींनो, माझं काम काय आहे ते सांगते, म्हणजे माझी अवस्था कळेल. गेली पंधरा वर्षं मी बचत गटांचं काम करते. पंढरपूर आणि आसपासच्या वाड्या-वस्त्या धरून चौदा गट. दर बैठकीत मी उभी राहून सांगते, "बायांनो, घराचा हिशेब विचारा. कर्ज कुणाचं, किती, सही कुठं केली, हे माहीत असलंच पाहिजे." टाळ्या पडतात. आणि माझ्याच घरात साडेतीन वर्षं कर्जाचा हप्ता जात होता आणि मला पत्ता नव्हता! नवरा दुकान गमावण्याच्या टोकावर उभा होता आणि मी शेजारी बसून कांदा चिरत होते.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुला झोप लागली नसती. म्हटलं, एकाने तरी झोपावं."

"मी झोपत होते असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

एवढं बोलून मी उठले आणि चालायला लागले. हे मागे. आता आठवलं की हसू येतं, रुक्मिणी पुढं आणि विठ्ठल मागं! पण तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. राग कर्जाचा नव्हता. कर्ज कुणाला होत नाही? राग याचा, की पंचवीस वर्षं एका ताटात जेवून यांना मी भरवशाची वाटले नाही.

रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीचं शेत होतं. उंच गादीवाफे, त्यावर काळा मल्चिंगचा कागद, त्यातून हिरवी रोपं आणि खाली लोंबणारी लाल फळं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पावसाळा सरताना लागण होते आणि नोव्हेंबरच्या सुमारास तोडणी सुरू होते ती उन्हाळा लागेपर्यंत चालते. हे मला माझ्याच वयाच्या एका बाईंनी सांगितलं. त्या बांधावर बसून डबे भरत होत्या. पहाटेच्या दवात वाकून तोडणी करायची. फळ देठासकट खुडायचं, दाबायचं नाही, नाहीतर लगेच डागतं. बोटं गारठून बधिर होतात म्हणाल्या. माझी सवयच आहे, मी गट आहे का, मजुरी किती, वगैरे चौकशी करत तिथंच टेकले. हे लांब रस्त्यावर उभे.

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा यांच्याकडे बघितलं. "भांडून आलाय जनू?"

मी काही बोलले नाही.

"भांडा की. हितं नवी जोडपी लई येत्यात. फोटू काढत्यात आन् जात्यात. तुमच्या वयाची येत्यात ती पोराबाळांसकट. त्यास्नी भांडायला बी येळ नसतो. तुम्हाला घावलाय येळ, तर भांडून घ्या. घरी गेल्यावं कुठलं?"

तिने हातावर दोन स्ट्रॉबेरी ठेवल्या. एक मी खाल्ली. एक घेऊन यांच्याकडे गेले.

त्या दिवशी संध्याकाळी मुंबई पॉइंटवर सूर्य बुडेपर्यंत आम्ही भांडलो. घरात भांडण म्हणजे कसं, दाराआडून, हळू आवाजात, आई ऐकतील, पोरं ऐकतील. त्यामुळे ते कधी पुरं होतच नाही. अर्ध्यावर मोडतं आणि फडक्याखाली झाकून ठेवलेल्या विरजणासारखं आंबत राहतं. इथं ऐकायला फक्त दरी होती. मी मनातलं सगळं बोलले. हेही बोलले. यांनी रात्री-अपरात्री उठून गल्ल्याजवळ बसून काढलेले दिवस सांगितले. मग मला माझंच मन खाऊ लागलं, कारण लपवलेलं माझ्याकडेही होतं.

२०२१ मध्ये लेकीची दहावी सुरू झाली ती मोबाईलवर. घरात मोबाईल यांचाच एक धड. तेव्हा मी गटातून बारा हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं, लेकीला मोबाईल आणला आणि यांना सांगितलं, माहेरून भावाने दिला. शिलाईच्या पैशातून मी ते कर्ज गुपचूप फेडलं. गटात पै-पैचा हिशेब चोख. घरात मात्र खोटं. हे मी त्या कठड्याशी उभं राहून सांगून टाकलं.

हे शांतपणे म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?"

"तुझ्या भावाला आभाराचा फोन केला होता मी. तो म्हणाला, कसला मोबाईल?"

"मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू मला उलट विचारलं असतंस, घरात बारा हजारसुद्धा का नाहीत म्हणून."

आता यावर काय बोलणार? एकाच छपराखाली दोघं दोन टोकांना उभे राहून एकच छप्पर तोलत होतो, आणि एकमेकांना वाटत होतं, दुसरा निवांत आहे. मी यांचा हात धरला. आमच्या गावात रस्त्यावर असा हात धरायची पद्धत नाही. रात्री जेवून बाहेर पडलो तेव्हा चंद्र वर आला होता. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. शाल आम्ही दोघांत मिळून पांघरली होती. हो, ती शाल घेतली. परत जाऊन घेतली.

बुधवारी परतीच्या गाडीत दोघांनी घरी एकेकदाच फोन केला.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मनात उगाच होतं, की घर विस्कटलेलं असेल, लेक म्हणेल, "बरं झालं आलीस." पण घर नीटनेटकं. पिठलं-भाकरी तयार. आईंच्या गोळ्या वेळेवर. माझ्या चार पानी यादीच्या पाठकोऱ्या बाजूला लेकीने दुधाचा हिशेब मांडलेला. मसाल्याचा डबा खालच्या फळीवर आणलेला, "आजीला हात पोचत नाही म्हणून." मला बरं वाटलं आणि थोडं खुपलंही. आपल्यावाचून घर अडलं नाही याचा आनंद व्हायला मन जरा मोठं करावं लागतं. ते मी त्या रात्री केलं. डबा अजून खालच्याच फळीवर आहे.

स्ट्रॉबेरीचा डबा उघडला. आईंनी एक तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "तशीच आंबट हाय. तवा खाल्ली होती तशीच."

"तेव्हा" म्हणजे २००० साल. मी नेहमीच्या चेष्टेने म्हटलं, "हो, नऊ जणांत वाटून खाल्ली होती."

आई हसल्या नाहीत. जरा वेळ गप्प बसून म्हणाल्या, "लोकं मला तवा बी बोलली. नव्या जोडप्याच्या मागं म्हातारी कशाला? म्हातारी कुठली, बावन्नावं लागलं होतं मला. पर तुला सांगते, तवर मी डोंगर बघितला नव्हता. तुळजापूर, अक्कलकोट, आळंदी, देवाधर्माचं सगळं झालं होतं. डोंगर न्हवता बघितला. ह्यांनी तर दुकानाचा उंबरा सोडला न्हाई कधी. मला वाटलं, ट्रॅक्स दारात उभी हाय, आता न्हाई तर परत कोण नेणार?"

त्या रात्री मी जुना अल्बम काढला. एका फोटोत आम्ही दोघं कठड्याशी उभे आहोत आणि मागे एका बाजूला सासूबाई. कॅमेऱ्याकडे पाठ, दोन्ही हातांनी कठडा धरलेला, दरीकडे बघतायत. पंचवीस वर्षं मी तो फोटो, "बघा, इथंही मध्ये आल्याच!" म्हणून दाखवत होते. त्या मध्ये आल्या नव्हत्या. त्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या पहिल्यांदा डोंगर बघत होत्या. माझ्या मनातला तो काटा निघाला तो असा, घरी परत आल्यावर.

मैत्रिणींनो, आम्ही काही सिमला-मनाली केलं नाही. दोन रात्री, एसटीचा प्रवास, साधी खोली. बर्फसुद्धा दिसला नाही. पण मला एक कळलं. बाहेर जायचं ते नुसतं हवापालटासाठी नाही. घरात प्रत्येक भांड्याला जागा असते, तशी प्रत्येकाच्या बोलण्यालाही ठरलेली जागा होऊन बसते. कुणी काय बोलायचं आणि काय गिळायचं हे ठरून जातं. घर सोडलं की ते सांडतं. सांडू द्यावं. गटातल्या बायकांनी मला विचारलं, "ताई, परत आल्यावर दोन दिवसांत पहिल्यासारखंच होत असेल ना?" होतं. हे पहाटे दुकानात गेले, मी महालक्ष्मीचं ताट मांडलं, पुन्हा तेच सुरू. म्हणून आम्ही एक केलं. दर रविवारी रात्री दुकान बंद झाल्यावर वही घेऊन बसतो. देणं किती, येणं किती, मनात काय आहे, सगळं. पहिल्या रविवारी हे फार अवघडले. आता मी विसरले तर हेच वही काढतात. आणि बैठकीत मी आता आधी स्वतःची गोष्ट सांगते, मग "हिशेब विचारा" म्हणते. टाळ्या थोड्या कमी पडतात, पण बैठक संपल्यावर एक-दोघी मागे थांबतात.

तुम्हाला जमेल तर जरूर जा. महाबळेश्वरच पाहिजे असं नाही. तुमच्या जवळचा एखादा डोंगर असेल, एखादं धरण असेल. आठवड्याच्या मधल्या दिवसांत जा, गर्दी नसते आणि खिशालाही बरं पडतं. घरच्यांसाठी यादी एकाच पानाची करा. आणि तिथं भांडण झालं तर घाबरू नका, ते पुरं करूनच परत या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये माघी वारी झाली, पाहुणे गेले, गाद्या उन्हात पडल्या. थंडी अजून होती. आम्ही पुन्हा साताऱ्याच्या गाडीत बसलो. या वेळी मधल्या सीटवर आई. कानाला मफलर, हातात आधार कार्ड. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे.

"किती?" कंडक्टरने विचारलं.

"आम्ही तिघं आहोत," हे म्हणाले, "पण तिकीट दीडच."